पृथ्वी फिरते की आकाश? नेवाशाच्या ओवीपासून मोबाइलच्या जीपीएसपर्यंत

आषाढी वारीचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरू लागतो. 'कोपर्निकसच्या अडीचशे वर्षं आधी ज्ञानेश्वर माउलींनी सांगितलं होतं की सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते.' मी मूळचा नेवासे तालुक्यातला आणि कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे हा मेसेज मला दोन्ही बाजूंनी येतो. गावाकडचे लोक अभिमानाने पाठवतात आणि ऑफिसातले मित्र 'हे खरं आहे का रे?' असं विचारून पाठवतात.

उत्तर एका शब्दात देता येत नाही. 'हो' म्हटलं तर ते बरोबर ठरत नाही, आणि 'सगळं खोटं आहे' म्हटलं तर तेही चुकीचं ठरतं. ओवी खरी आहे, तिच्यातला दृष्टांत खरा आहे. पण तिच्यावर जो दावा लादलाय तो वेगळाच आहे. हे नीट समजून घ्यायचं तर आकाशाबद्दलच्या आपल्या कल्पना दीड हजार वर्षांत कशा बदलत गेल्या ते बघावं लागतं. या लेखात तेच क्रमाने बघू.

ओवी नक्की काय सांगते?

ज्ञानेश्वरी नेवाशाला, प्रवरेच्या काठी सांगितली गेली, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही तिथल्या मंदिरात आहे. मेसेजमधली ओवी चौथ्या अध्यायातली. गीतेतला 'कर्मात अकर्म पाहणारा' हा श्लोक समजावताना माउली एकामागून एक दृष्टांत देतात.

पहिला दृष्टांत नावेचा. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं वेगाने मागे जाताना दिसतात, पण नीट विचार केला की त्याला कळतं, झाडं तर जागेवरच आहेत. लगेच पुढे सूर्याचा दृष्टांत येतो. उदय आणि अस्त दिसतात म्हणून सूर्य चालतो असं आपण म्हणतो, पण ते चालणं न चालताच झालेलं असतं. तसा ज्ञानी माणूस कर्मात असूनही नैष्कर्म्यात असतो.

म्हणजे विषय नैष्कर्म्याचा आहे, खगोलशास्त्राचा नाही. पण दृष्टांत म्हणून जी गोष्ट घेतली ती मोठी आहे: दिसणारी गती आणि खरी गती या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तेराव्या शतकात हे मराठीत इतक्या सहजपणे बोललं गेलं, ही खरंच अभिमानाची बाब आहे.

आता मेसेजमधला दावा घ्या. त्यात तीन वेगवेगळी विधानं एकत्र गुंडाळलेली आहेत:

१. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून सूर्य-तारे उगवताना-मावळताना दिसतात.
२. पृथ्वी सूर्याभोवती फिरते.
३. सगळेच ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य मध्यभागी आहे.

ओवीचा संबंध फार तर पहिल्या विधानाशी जोडता येतो, कारण ती उदय-अस्ताबद्दल बोलते. दुसरं आणि तिसरं विधान तिच्यात नाही. कोपर्निकसचं नाव निघतं ते मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या विधानासाठी. कोड रिव्ह्यू करताना आपण एका पुल रिक्वेस्टमध्ये तीन वेगळे बदल घुसडलेले चालवून घेत नाही ना? इथेही तसंच करायचं. तीन विधानं सुटी करायची आणि प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्र बघायचा.

नाव पहिल्यांदा कुणी वल्हवली? आर्यभट

पहिलं विधान भारतात ज्ञानेश्वरीच्याही जवळजवळ ८०० वर्षं आधीचं आहे. आर्यभटाचा जन्म इ.स. ४७६ चा. त्याने वयाच्या तेविसाव्या वर्षी, म्हणजे ४९९ च्या सुमारास, 'आर्यभटीय' लिहिलं. त्यातल्या गोलपादात तो म्हणतो की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू उलट दिशेने जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. हा तोच नावेचा दृष्टांत आहे!

आणि तो नुसत्या दृष्टांतावर थांबत नाही, आकडा देतो. ४३,२०,००० वर्षांच्या एका महायुगात पृथ्वी स्वतःभोवती १,५८,२२,३७,५०० वेळा फिरते, असं तो सांगतो. चला, हा आकडा तपासू.

वर्षभरात सूर्योदय जितके होतात, त्यापेक्षा पृथ्वीच्या फेऱ्या बरोबर एकने जास्त होतात. म्हणून महायुगातले दिवस = १,५८,२२,३७,५०० वजा ४३,२०,००० = १,५७,७९,१७,५००. आता दिवसांना फेऱ्यांनी भागा आणि ८६,४०० सेकंदांनी गुणा. उत्तर येतं सुमारे ८६,१६४.१ सेकंद, म्हणजे २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद. आजचा मोजलेला आकडाही २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदच आहे. दुर्बीण नाही, घड्याळ नाही, आणि फरक सेकंदाच्या दहाव्या भागात दिसेनासा!

हे जमतं कसं? शेकडो वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की एकेका निरीक्षणातली चूक प्रचंड संख्येने भागली जाते. आपण लॉगमधून सरासरी काढतो तेच तत्त्व.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आर्यभटाची पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती नाही. त्याच्या रचनेत पृथ्वी मध्यभागीच आहे आणि चंद्र, सूर्य, ग्रह तिच्याभोवती फिरतात. म्हणजे पहिलं विधान आहे, दुसरं-तिसरं नाही.

आक्षेप घेणारे मूर्ख नव्हते

आर्यभटाचं म्हणणं बहुतेकांना पटलं नाही. सहाव्या शतकातला वराहमिहिर 'पंचसिद्धान्तिके'त विचारतो: पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेला ससाणा आपल्या घरट्यात परत कसा येतो? घरटं तर एव्हाना कुठच्या कुठे गेलेलं असायला हवं. आणि मग ध्वज कायम पश्चिमेकडेच का फडकत नाहीत? इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिणारा ब्रह्मगुप्त विचारतो: पृथ्वी फिरते तर उंच वस्तू पडत का नाहीत? पुढे लल्लाने बाणांचा आणि ढगांचा मुद्दा मांडला.

आज आपल्याला हसू येईल. पण मी याकडे टेस्ट केस म्हणून बघतो. नेवाशाच्या अक्षांशावर (सुमारे १९.५ अंश) जमिनीचा वेग ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर येतो. एवढ्या वेगाने जमीन सरकत असेल तर पक्षी मागे का राहत नाही, हा अगदी रास्त प्रश्न आहे. याला उत्तर द्यायला 'जडत्व' ही कल्पना लागते: पक्षी, हवा, ढग, सगळे आधीपासूनच जमिनीच्या वेगाने चाललेले असतात. ही कल्पना तेव्हा भारतात नीट मांडलेली नव्हती, आणि जगात इतरत्रही नव्हती. थोडक्यात, आर्यभटाचं उत्तर बरोबर होतं पण टेस्ट पास करायला लागणारी लायब्ररी अजून कुणी लिहिली नव्हती.

एका अक्षराचा बदल

यातला सगळ्यात रंजक भाग पुढे आहे. आर्यभटीयात एक छोटं विधान आहे: एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. प्राण म्हणजे ४ सेकंद. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला आणि दिवसात २१,६०० प्राण, हिशेब चोख बसतो.

मूळ शब्द आहे 'भूः', म्हणजे पृथ्वी. पण नंतरच्या बऱ्याच टीकाकारांच्या प्रतीत तिथे 'भं' दिसतं, म्हणजे नक्षत्रमंडल. एका अक्षराचा फरक आणि अर्थ उलटा: पृथ्वी नाही, तारे फिरतात! ज्यांना आर्यभट वंदनीय होता, पण फिरणारी पृथ्वी मान्य नव्हती, त्यांच्यासाठी हा सोयीचा पाठ होता. गुरूही शाबूत, मतही शाबूत.

मग मूळ पाठ कोणता हे कसं कळलं? गंमत म्हणजे विरोधकामुळे. ब्रह्मगुप्ताने आर्यभटावर टीका करताना त्याचं विधान 'भूः' असंच दिलंय. विरोधकाने जतन केलेली प्रत म्हणजे बदल होण्याआधीचा कमिटच. नवव्या शतकात ब्रह्मगुप्तावर टीका लिहिणाऱ्या पृथूदकस्वामीनेही याच ठिकाणी आर्यभटाची बाजू घेतली.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण आजचा मेसेज नेमकं हेच करतो, फक्त उलट्या दिशेने. तेव्हाच्या लोकांनी थोर माणसाच्या तोंडी आपल्या काळाला पटणारं मत घातलं, आजचे लोक आपल्या काळाला पटणारं घालतात. हेतू आदराचाच असतो. पण त्यात थोर माणूस स्वतः काय म्हणाला ते पुसलं जातं.

भास्कराचार्य: आधाराशिवाय उभी पृथ्वी

आता आपल्या परिसराकडे येऊ. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा, गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं ते स्वतः सांगतात. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला. तसा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे आणि तो एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजींनी प्रकाशात आणला. मठ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि ज्ञानेश्वरी त्याच शतकाच्या शेवटची. दोन्ही यादवांच्या राज्यातल्या.

भास्कराचार्यांचे दोन मुद्दे मला फार आवडतात. पहिला: पृथ्वीला शेष, कासव किंवा हत्ती यांचा आधार आहे असं मानलं, तर त्या आधाराला कशाचा आधार? आणि त्याला? कुठेतरी कुणीतरी स्वतःच्या बळावर उभं आहे असं मानावंच लागणार. मग ते पृथ्वीच का नको? इंजिनिअरच्या भाषेत, बेस केस नसलेलं रिकर्शन चालत नाही. दुसरा: पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते? कारण परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखाच भासतो आणि माणसाला दिसतो तो तर त्याहूनही लहान तुकडा.

मात्र भास्कराचार्यांच्या मते पृथ्वी स्थिर आहे आणि 'प्रवह' नावाचा वारा तारांगण फिरवतो. म्हणजे गोल, निराधार, आकर्षणशक्ती असलेली पृथ्वी मान्य, पण फिरणारी अमान्य. कल्पना सरळ रेषेत पुढे जात नाहीत, हे इथे स्पष्ट दिसतं. सहाशे वर्षांनंतरचा, गणितात आर्यभटाच्या कितीतरी पुढे गेलेला माणूस या एका मुद्द्यावर मागे होता.

मग नेवाशाला नाव कुठून आली?

मेसेज पाठवणाऱ्यांना हा भाग सहसा माहीत नसतो. गीतेच्या त्याच श्लोकावर (अध्याय ४, श्लोक १८) आद्य शंकराचार्यांचं भाष्य आहे, आणि त्यातही चालत्या नावेतून काठावरची झाडं उलट जाताना दिसण्याचा दाखला आहे. म्हणजे नावेचा दृष्टांत भाष्यपरंपरेत त्या श्लोकाशी आधीच जोडलेला होता. माउलींनी तो मराठीत आणला आणि त्याच्याच शेजारी सूर्य ठेवला.

हे शेजारी ठेवणं विलक्षण आहे. नाव म्हणजे आपण, झाडं म्हणजे सूर्य, ही जोडी श्रोत्याच्या मनात आपोआप तयार होते. त्यासाठी त्यांना खगोलशास्त्रज्ञ ठरवायची गरज नाही. त्यांचं मोठेपण गुरुत्वाकर्षणाच्या किंवा ग्रहकक्षेच्या शोधावर अवलंबून नाहीच मुळी.

निजामशाहीच्या काळात आकाश कोण मोजत होतं?

१४९० च्या सुमारास मलिक अहमदने निजामशाही स्थापन केली आणि अहमदनगर राजधानी झाली. त्याच पिढीत या मुलुखाच्या दोन टोकांना दोन मोठे ज्योतिषी काम करत होते.

एक ज्ञानराज, गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आजच्या पाथरीचे. त्यांनी १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' लिहिला. पुराणातलं विश्वाचं वर्णन आणि सिद्धान्तांचं गणित यांचा मेळ घालायचा त्यांचा प्रयत्न होता. पाथरी पुढे निजामशाहीत आली. निजामशाहीच्या घराण्याचं मूळही पाथरीच्या कुलकर्ण्यांकडे जातं, असं बखरकार फरिश्ता सांगतो.

दुसरे गणेश दैवज्ञ, कोकणातल्या नांदगावचे. शेजारचा चौलचा किनारा तेव्हा निजामशाहीत होता. पोर्तुगीजांनी रेवदंड्याला १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तोही निजामशहाच्या परवानगीने. त्याच सुमारास, शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० हा आरंभ धरून, गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिला. प्रोग्रामर म्हणून या ग्रंथावर माझा विशेष जीव आहे.

का ते सांगतो. ग्रह आज कुठे आहे हे काढायचं तर ठरलेल्या आरंभापासून किती दिवस गेले ते मोजावं लागतं. या संख्येला 'अहर्गण' म्हणतात. सिद्धान्तग्रंथ आरंभ कल्पापासून धरतात, त्यामुळे अहर्गण अब्जांच्या घरात जातो. आजच्या कॉम्प्युटरला काहीच वाटत नाही, पण पाटीवर धूळ पसरून हिशेब करणाऱ्याचं काय? म्हणून 'करण' प्रकारचे ग्रंथ जवळचा आरंभ निवडतात. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं, तशीच ही कल्पना.

गणेश दैवज्ञ आणखी पुढे गेले. त्यांनी काळाचे ११-११ वर्षांचे तुकडे केले, त्यांना 'चक्र' म्हटलं. एका चक्रात १३६ चांद्रमास, म्हणजे ४,०१६ दिवस. आता अहर्गण कधी ४,०१६ च्या वर जातच नाही. भागाकार करायचा, भागफल म्हणजे चक्रं, बाकी म्हणजे अहर्गण. हे आपलं मॉड्युलो ऑपरेशन! त्यावर कडी म्हणजे त्यांनी ज्या-कोज्या, म्हणजे साइन-कोसाइन, पूर्ण टाळले. त्याऐवजी साध्या गुणाकार-भागाकाराची सूत्रं आणि तयार अंक दिले. कमी मेमरी, कमी प्रोसेसिंग, उत्तर कामापुरतं अचूक. महाराष्ट्रातली पंचांगं शेकडो वर्षं याच ग्रंथावर चालली.

आणि एक गोष्ट त्याहून मोलाची. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घ्यायचे. जुन्या ग्रंथातून आलेली जागा आणि आकाशात दिसणारी जागा जुळत नसेल तर ग्रंथ दुरुस्त करायचा, ही त्या घराची शिस्त. म्हणून 'ग्रहलाघवा'त कोणता ग्रह कोणत्या परंपरेच्या गणिताने घेतला तर आकाशाशी जुळतो, हे वेगवेगळं सांगितलंय. त्यांच्या दृष्टीने ग्रंथापेक्षा आकाश मोठं होतं.

पण लक्षात घ्या, या सगळ्या गणितात पृथ्वी मध्यभागीच आहे. तरीही ग्रहणं बरोबर येत होती, तिथी बरोबर येत होत्या. मॉडेल उपयोगी असणं आणि मॉडेल खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं आणि तिसरं विधान कुठून आलं?

केरळात नीलकंठ सोमयाजींनी (१४४४-१५४४) एक महत्त्वाचं पाऊल टाकलं. त्यांच्या रचनेत बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्या सगळ्यांना घेऊन पृथ्वीभोवती. युरोपात टायको ब्राहेने साधारण अशीच रचना १५८८ मध्ये छापली. ही अर्धी वाट होती.

उरलेली वाट कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाने मोकळी केली: पृथ्वी हाही एक ग्रह आणि सूर्य मध्यभागी. पण गंमत बघा, कोपर्निकसकडेही पुरावा नव्हता. त्याच्यावरही पक्षी, ढग आणि पडणाऱ्या दगडांचेच आक्षेप आले. म्हणजे वराहमिहिराची टेस्ट केस तिथेही फेल होत होती.

ती पास केली गॅलिलिओने. १६३२ च्या पुस्तकात तो म्हणतो, जहाजाच्या बंद खोलीत जाऊन बघा. फुलपाखरं उडताहेत, टांगलेल्या भांड्यातून थेंब खालच्या भांड्यात पडताहेत. जहाज थांबलेलं असो की एकसारख्या वेगाने चाललेलं, आत काहीच फरक दिसत नाही. आर्यभटाच्या नावेतला माणूस बाहेर बघत होता. गॅलिलिओने त्याला आत बघायला लावलं. ससाणा घरट्यात का परततो, याचं उत्तर इथे मिळालं.

प्रत्यक्ष पुरावे मात्र आणखी उशिरा आले. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वेगामुळे ताऱ्यांची जागा किंचित हलते, हे ब्रॅडलीने १७२९ मध्ये जाहीर केलं. जवळच्या ताऱ्याचं वार्षिक विस्थापन बेसेलने १८३८ मध्ये मोजलं. आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे फुकोने १८५१ मध्ये पॅरिसात लंबक टांगून सगळ्यांना डोळ्यांनी दाखवलं. अहिल्यानगरच्या अक्षांशावर असा लंबक टांगला तर त्याची झुलण्याची रेषा तासाला सुमारे ५ अंश वळेल आणि पूर्ण फेरीला ७३ तास लागतील.

मराठीत ही तुलना कधी आली?

१८३६ मध्ये माळव्यातल्या सिहोरला सुबाजी बापूंनी 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहिला. त्यात पुराणांचं, सिद्धान्तांचं आणि कोपर्निकसचं अशी तिन्ही मतं समोरासमोर ठेवलीत. १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्र्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढून युरोपीय वेधांवरचं गणित मराठी पंचांगकर्त्यांच्या हाती दिलं. आणि १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आला. कोणत्या आचार्याने काय म्हटलं आणि काय म्हटलं नाही, हे मराठीत इतक्या प्रामाणिकपणे मांडणारं दुसरं पुस्तक मला सापडलेलं नाही. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याने एकदा तरी चाळावं असं.

तुमच्या मोबाइलमधला आर्यभट

'फिरणारी पृथ्वी' आज रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. जीपीएसचा सिग्नल उपग्रहापासून फोनपर्यंत यायला सुमारे ०.०७ सेकंद लागतात. तेवढ्यात अहिल्यानगरची जमीन पूर्वेकडे साधारण ३० मीटर सरकते. फोनमधला प्रोग्राम ही दुरुस्ती करतो. नाही केली तर नकाशावर तुम्ही रस्त्याऐवजी शेजारच्या वावरात दिसाल!

जिल्ह्याला लागूनच, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. एखादा स्रोत तासन्‌तास धरून ठेवायचा तर त्या अँटेना ताऱ्यांच्या दिवसाच्या हिशेबाने फिरवाव्या लागतात. तो दिवस म्हणजे तोच २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा.

आणि तुमच्या फोनवरचं आकाश दाखवणारं ॲप? ते पडद्यावर तुम्हाला मध्यभागी ठेवून आकाश फिरवतं. कारण तुम्हाला तारा कुठल्या दिशेला दिसेल हे सांगायला तीच चौकट सोयीची. त्यात चूक काहीच नाही. चौकट कोणती घेतली हे माहीत असलं म्हणजे झालं.

घरी करून बघा

आर्यभटाचा आकडा तपासायला फोनचं घड्याळ पुरतं.

१. गच्चीवर किंवा अंगणात एक जागा पक्की करा आणि तिथे खूण करा.
२. मंदिराचा कळस, पाण्याची टाकी किंवा विजेचा खांब अशी दूरची स्थिर वस्तू निवडा. वस्तू जितकी दूर तितकं बरं.
३. एखादा ठळक तारा त्या वस्तूच्या कडेआड नाहीसा होतो ती वेळ सेकंदासह लिहा. ग्रह नको, ताराच हवा.
४. दहा दिवसांनी त्याच जागेवरून, डोकं त्याच उंचीवर ठेवून, तोच तारा बघा.

तो सुमारे ३९ मिनिटं २० सेकंद आधीच आड जाईल. दहाने भागा: रोज ३ मिनिटे ५६ सेकंद. चोवीस तासांतून वजा करा, आर्यभट भेटेल.

फक्त एक लक्षात ठेवा. या प्रयोगातून फिरण्याचा काळ कळतो, कोण फिरतं ते कळत नाही. आकाश फिरत असतं तरी हाच आकडा आला असता. म्हणूनच हा वाद एवढी शतकं चालला. दोन्ही बाजूंना दिसणारं आकाश एकच होतं, आणि निकाल लागला तो जडत्व, लंबक आणि ताऱ्यांच्या सूक्ष्म विस्थापनामुळे.

मेसेज आला तर काय उत्तर द्यायचं?

मी हे पाठवतो, तुम्हीही कॉपी करू शकता:

'ओवी खरी आहे. चौथ्या अध्यायातली, नेवाशाला १२९० मध्ये सांगितलेली. दिसणारी गती आणि खरी गती वेगळी असू शकते, हे नैष्कर्म्य समजावण्यासाठी माउलींनी नाव आणि सूर्य यांच्या दृष्टांतांनी सांगितलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आकड्यासह आर्यभटाने ४९९ च्या सुमारास लिहिलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मात्र या दोघांपैकी कुणीही म्हटलेलं नाही. ज्याचं श्रेय त्याला देऊ, म्हणजे कुणाचंच कमी होणार नाही.'

गावाकडच्या एका आजोबांना मी हे वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, 'मग ठीकच आहे की. माउलींना कुठं पंचांग काढायचं होतं?' यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.